सारवलेल्या घराची किंमत

माधवनगर, ता. १२ फेब्रुवारी १९७३

अक्का,

बनीचा नमस्कार. मी चौथीपतूर शिकलेली, तवा अक्षर लावून लावून वाच. पत्र दाजींच्या हातात पडलं तर त्येनीबी वाचावं. लपवायसारखं काय उरलं न्हाई.

तुमच्याकडं कोर्टाचा शिपाई कागद घिऊन यील. त्यो कागद माझा हाय. आधी सांगते, म्हंजे साताऱ्यात शेजारणींच्या म्होरं दारात शिपाई बघून तू घाबरी हुयाची न्हाईस. मी दाजींवर वाटपाचा दावा लावलाय. वाडीवरचं घर, हीर आन अकरा एकर जिराईत, ह्यातलं निम्मं.

भनीच्या नवऱ्यावर दावा, म्हणशील. व्हय. पर थोरल्याला थोरली आन धाकट्याला धाकटी आसं करून तूच मला ह्या घरात आणलीस. आयला म्हणालीस, बनी माझ्या नजरंसमोर ऱ्हाईल. आता तू साताऱ्यात आन मी हितं.

ह्ये जाऊन पंधरा म्हैनं झालं. गिरणीची खोली सोड म्हणून मालक दर आठवड्याला सांगतोय. मी सुताच्या काँड्या भरते. सूत नाकातोंडात जातंय. मनी माझ्या शेजारी पोत्यावर निजती. उठली की तिच्या केसात कापूस आसतोय, म्हातारीवाणी दिसती.

दिवाळीत वाडीवर आपण सगळी हुतो तवाचं तुला ध्यानात आसंल. दाजी वट्ट्यावर बसून मिलिटरीतली टोपी सारखी करत म्हणालं, "हे बघ बने, पोरगा आसता तर गोष्ट येगळी. पोरगी उद्या जाणार दुसऱ्याच्या घरी. घराचं दार काय तिच्या सासरला उचलून न्यायचं?"

मी मनीला मांडीवर वढून घेतलं.

मग म्हणालं, "पाचशे घे, सोडपत्रावर सही कर. आन मनीला आमच्याकडं ठेव. तुझ्या लीलाअक्काच्या मांडीवर येक तरी लेकरू खेळू दे."

तू आत चुलीपाशी भाकरी थापत हुतीस. थापायचा आवाज थांबला. तू भाईर आली न्हाईस. मी वाट बघितली, भाकरी करपल्याचा वास आला, तरीबी आली न्हाईस.

आमी निघालो आन दाजींनी घराला कुलूप घातलं. तवापासनं मनीला मी येकटी सोडत न्हाई. संडासला जाताना बी काखेत. दिलशादभाभी माझ्या शेजारच्या चरख्यावर काँड्या भरती, ती म्हणती, "बनू, पोरीला जमिनीवर पाय तर टेकवू दे." मला भ्या वाटतंय. दुसरं काय वाटत न्हाई.

दाव्याच्या कागदाला कोर्ट-फीची तिकिटं लागत्यात. पैसं कुठनं आणलं ते इचारू नगंस.

बनी


माधवनगर, ता. २८ मार्च १९७३

अक्का,

तुझं उत्तर न्हाई. मी वाट बघत नव्हते.

पयल्या तारखंला तू आलतीस त्ये मी बघितलं. निळं लुगडं. गळ्यात काय नव्हतं, नुसतं डोरलं. कोर्टाच्या व्हरांड्यात तू मनीकडं बघून हात पुढं केलंस. ती बी झेपावली. मी तिला फिरवून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तू हात तसंच ठिवलंस जरा येळ, मग पदर सारखा केलास. मी बघितलं नव्हतं आसं तुला वाटलं आसंल. बघितलं हुतं.

आता दावा कुटं आडलाय ते सांगते, कारण दाजी तुला सांगत नसतील.

माझं वकील आप्पासो म्हणून हायत. म्हातारं हायत, काळी टोपी घालत्यात. त्येनी पयल्या दिशीच इचारलं, "बाई, किंमत काय धरायची?"

मी म्हणलं, "मी काय इकाय काढलंय व्हय?"

"नाही. पण किंमत लिहिल्याशिवाय दावा आत घेत नाहीत. किंमतीवर तिकिटं लागतात आणि किंमतीवरच कोर्ट ठरतं. तुझ्या वाट्याची किंमत दहा हजारांच्या आत असली तर तालुक्याचं कोर्ट. वर गेली तर सांगलीचं मोठं कोर्ट, आणि तिकिटं आणखी. तिकिटं नाही भरली तर दावा गेला."

जमिनीचं सोपं निघालं. जमिनीला बाजारभाव न्हाई, सरकारी साऱ्याच्या पटीनं धरत्यात. माझ्या वाट्याच्या साडेपाच एकराची किंमत आली एकशेवीस रुपय. दिलशादभाभी संगं आलती. म्हणाली, "या अल्ला, एवढ्यात चांगली बकरी बी येत न्हाई."

घराला आन हिरीला मातर बाजारभाव. वकील म्हणालं, "खोटं सांगू नको, पण वाईट असंल ते सगळं सांग." मी सांगत गेले, त्ये लिवत गेलं. धाब्यातनं गळतंय. मागली भित फुगलीया. उंबरा वाळवीनं खाल्लाय. हिरीत दोन वरसं पाणी न्हाई. सगळं खरं हाय. पर ह्येबी खरं हाय की उन्हाळ्यात भाईर पाय पोळत्यात आन आत माजघरात गार लागतंय. मामंजींनी येक येक दगूड घडवून बसवलाय, ते मी सांगितलं न्हाई. घर चार हजार आन हीर दीड हजार लिवली. सही करताना मामंजी बघत्यात आसं वाटलं. मी सही केली.

आन तारखंला दाजींच्या वकिलानं त्येंच्या उत्तराची कैफियत वाचली. घर दगडी, भक्कम, प्रशस्त. हीर बांधीव, बारमाही. किंमत सोळा हजार आन धा हजार. दावा ह्या कोर्टात चालत न्हाई, तिकिटं कमी लावली, दावा काढून टाका.

अक्का, दाजी पाव्हण्यांना काय सांगायचं? "आमचं कसलं घर, खोपटं हाय." तवा मी मनात म्हणायची, किती नम्र माणूस. आता मी म्हणते खोपटं आन त्ये म्हणत्यात वाडा. आप्पासो हळूच म्हणालं, "बघ, मालक घर वाढवतोय आणि भिकारी कमी करतोय. उद्या वाटप झालं की दोघं बोली बदलतील." माणसं हासली. मीबी हासले आसंन.

जज साहेबांनी कमिशनर नेमला. त्यो वाडीवर यिऊन घर, हीर बघून किंमत करणार.

आमचा नंबर यायच्या आधी येक दावा चालला हुता. बेंदराला येशीतनं पयला बैल कुणाचा जाणार ह्याच्यावर. दोन म्हातारी माणसं, दोघांच्या हातात काठ्या. मी आप्पासोंना इचारलं, ह्याची किंमत काय लावली? त्ये म्हणालं, "ज्याची पैशात किंमत करता येत नाही, त्याला कायदा तीनशे रुपये धरतो."

"कशाला बी तीनशे?"

"कशाला बी. मान असो, काही असो."

मी घरी येस्तवर ते मनात घोळवत हुते. यष्टीत मनी वकली. पदरानं पुसलं.

बनी


माधवनगर, ता. २५ एप्रिल १९७३

अक्का,

कमिशनर यिऊन गेला. काय झालं ते जसं झालं तसं लिवते.

कमिशनर रविवारी येणार, मी शनवारीच वाडीवर गेले. शेजारच्या रंगूमावशीकडं चावी हुती. तुला ठावं हाय मावशी कशी हाय, माणूस दारात आला की आधी पाणी दिल, मग नाव इचारंल. चावी माझ्या हातात ठिवून म्हणाली, "लीला आलती परवा. ही तिनंच ठिवलीया. म्हणाली, सायेब यायचा हाय, बनीला म्हणावं घर सारवून घे."

मी कुलूप काढलं. दिवाळीपासनची धूळ. चुलीत मांजरानं घाण केलती. धाब्यातनं माती पडून सोप्यात ढीग झालता. त्यो ढीग बघून मला बरं वाटाय पायजे हुतं. वाटलं न्हाई. साहेब येणार आन ही घाण. मला लाज वाटली.

पाण्याचा टँकर दुपारी येतोय. मी मनीला काखेत घिऊन रांगंत उभी ऱ्हायले. दोन घागरी मिळाल्या, पियाच्या. त्यातली दीड सारवायला गेली. शेण कुठलं? जनावरं दुष्काळाच्या छावणीवर. मावशीनं तिच्या गवऱ्यांतल्या चार भिजवाय काढून दिल्या, आन पांढरी माती दिली. मी सोपा सारवला. पुढल्या भितीला पांढरी माती दिली. उंबऱ्याला गेरू लावला. मनीच्या हाताला शेण लागलं, ती हासली. लय दिवसांनी हासली.

मग माजघरात गेले. माजघर निम्मं सारवलेलं हुतं.

मी दिवा न्हिऊन बघितलं. डावीकडनं उजवीकडं गोल गेलेलं. उलट्या हाताचं. आपल्यात डावखुरी तूच. आय तुला त्या हातावर लाटणं हाणायची, तरी तुझा हात बदलला न्हाई. मधल्या खांबापतूर सारवलेलं आन तितंच थांबलेलं.

मी पुढलं निम्मं सारवलं. मधी दोन्हीची रेघ पडली. तिकडनं तुझ्या हाताची, हिकडनं माझ्या. मला वाटलं तुझा हात दुखला आसंल. येवढंच वाटलं.

साहेब आला तवा दहा वाजलं हुतं. कमिशनर म्हंजे तरणा वकील, संगं येक ओव्हरसीअर, टेप घिऊन. दाजी आधीच आलं हुतं, पांढऱ्याफेक कपड्यात. मी कपात चा दिला. रांगोळी बी काढली हुती, ती मनीनं पायानं पुसलेली.

ओव्हरसीअरनं भितीवर हात फिरवला. म्हणाला, "दाव्यात पडीक लिहिलंय ना?"

मी म्हणलं, "व्हय साहेब. दोन वरसं हितं कोण ऱ्हात न्हाई."

"पडीक घर असं असतं होय? आमच्या क्वार्टरपेक्षा बरं आहे."

दाजी हासत म्हणालं, "आमच्या घराण्याच्या सुना हायत सायेब. शेणानं आरसा करत्यात."

मला बरं वाटलं. त्या घडीला. मी तुला खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग ओव्हरसीअर कमिशनरला म्हणाला, "पडीक घराला आम्ही निम्मी किंमत धरतो. हे वापरातलं आहे, निगा उत्तम. पूर्ण लागंल." त्येनी घराला तेरा हजार लिवलं. हिरीत वाकून बघितलं, तळाला नुसती चिखलाची पापडी. तरी बांधीव म्हणून आठ हजार.

माझा निम्मा वाटा. घराचं सा हजार पाचशे, हिरीचं चार हजार, जमिनीचं एकशेवीस. दहा हजारांच्या वर गेलं. घर पडीक धरलं आसतं तर सात हजारांच्या आसपास ऱ्हायलं आसतं.

आप्पासोंना सांगितलं तवा त्येनी टोपी काढली. "सारवलंस कशाला?"

"साहेब येणार हुतं."

"अगं बाई, साहेब किंमत करायला येणार होता, जेवायला नव्हे!"

घराला साहेब येतोय आन सारवायचं न्हाई, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बनी


माधवनगर, ता. ३० जून १९७३

अक्का,

काल निकाल दिला. दावा ह्या कोर्टात चालत न्हाई. कागद माघारी दिलं. सांगलीच्या मोठ्या कोर्टात सा आठवड्यात न्यायचं आन तिकिटांची भर घालायची. पाचशेच्या घरात जाती. न्हाई भरली तर दावा संपला.

व्हरांड्यात दाजींनी माझ्याकडं बघितलं न्हाई. मनीला मातर म्हणालं, "काय गं चिमणे, येतीयास साताऱ्याला? अक्कीनं पाळणा आणलाय तुला." पाळणा. ती अडीच वरसाची हाय.

आता मी इचारते. चावी तू ठिवलीस. निरोप तू धाडलास. घर सारव म्हणालीस. तुला ठावं हुतं. कैफियत तुझ्या घरात लिवली, तुझ्या म्होरं वाचली आसंल. पडीक घराला निम्मी किंमत धरत्यात ते दाजींना वकिलानं सांगितलं आसंल आन तुझ्या कानावर पडलं आसंल. तू सवता सारवाय सुरवात केलीस, निम्मं करून ठिवलंस, का तर मी बघीन आन पुढचं मी करीन. तू मला वळखतीस. म्हणून तसं केलंस.

मला रडू येत न्हाई. ह्ये गेलं तवाबी आलं न्हाई. बायका म्हणायच्या, हिचं काळीज दगडाचं. दगड बरा. त्याची किंमत करत्यात.

आन येक. आयची बोरमाळ मी मोडली. आयनं मरताना माझ्याकडं ठिवली, दोघींची म्हणून. पयली तिकिटं त्यातनं घेतली. सोनारानं मणी फोडून लाख काढली, आत लाखच लय हुती, सोनं तोळ्याच्या आत भरलं. निम्मी तुझी हुती. ती पण कैफियतीत घाल म्हणावं दाजींना.

मनी तुला मिळायची न्हाई.

बनी


माधवनगर, ता. १२ ऑगस्ट १९७३

अक्का,

मागलं पत्र तुझ्याकडं आसंल तर चुलीत घाल. आधी हे वाच, मग घाल.

रंगूमावशी मिरजंला डोळं दाखवाय आलती. माघारी जाताना माझ्याकडं आली. मी चा केला. तिनं बशीत वतला, फुकर मारली, आन आपल्या मनानंच बोलाय लागली.

"बने, तुझा दावा भाईर पडला म्हणं."

"व्हय मावशे."

"आन ती लीला. काय बाई कसली रागाची. तिच्या नवऱ्यानं, मानसिंगानं धाडलं हुतं तिला सारवाय. निम्मं माजघर सारवलं आन उठली. हातबी धुतलं न्हाईत. भितीला टेकून बसली. मी म्हणलं, लीला, काय झालं गं? तर चावी माझ्या हातात दिली आन म्हणाली, मावशे, बनीला म्हणावं कशाला हात लावू नगंस. झाडूबी मारू नगंस. हाय तसं पडलेलं ऱ्हाऊ दे."

मी म्हणलं, "मावशे, तू तर मला सारव म्हणालीस."

"मग काय म्हणू? भनीभनीचं भांडण, रागानं बोलली आसंल म्हणलं. गावात सायेब येणार आन घर उकिरडा? लोक मला म्हणलं आसतं, म्हातारी शेजारी हुती आन पोरीला सांगितलं न्हाई. मी आपला निरोप चांगला करून सांगितला."

मी तिच्या हातातली बशी घेतली आन धुतली. धुतलेलीच परत धुतली. तिला माझं तोंडबी नीट दिसत नव्हतं, फूल पडलंय दोन्ही डोळ्यांत. जाताना म्हणाली, "हिरीला पाणी आलंय गं. चार परस खोल हाय. तुझी मनी आली की पवाय शिकव म्हणावं लीलाला." मी व्हय म्हणलं.

ती गेल्यावर मी काँड्या भराय बसले. दोन तास भरल्या. सूत तुटलं की जोडायचं, तुटलं की जोडायचं. दिलशादभाभीनं इचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग लिही की बहिणीला." मी म्हणलं, लिवते. तरी आठ दिवस गेलं.

अक्का, मी माजघरात उभी हुते. दिवा हातात हुता. तू सारवताना थांबलीस, ते मला दिसलं. का थांबलीस ते दिसलं न्हाई. मी पुढं सारवून टाकलं. तू थांबून जे ठिवलं हुतंस ते मी माझ्या हातानं भरून काढलं, आन वर तुलाच बोल लावला.

दिवाळीतबी भाकरी करपली हुती. आता मला ते कळतंय. तवा कळलं न्हाई.

बोरमाळंचं मातर खरं हाय. ती निम्मी तुझी हुतीच. घराचं वाटप झालं की आधी तुझी बोरमाळ करीन. लाख कमी आन सोनं जास्त घालीन.

आता दाव्याचं. मी सोडलेला न्हाई. सोड म्हणून तू सांगशील तरी सोडायची न्हाई, मला मनीला घिऊन कुठंतरी आत जायचं हाय. बायकांनी भिशीचा पयला नंबर मला दिला. ह्येंची सायकल इकली, मनीचं वाळं इकलं. जमलं. परवा सांगलीला मोठ्या कोर्टात दावा दाखल केला.

आप्पासो नवा कागद लिवाय बसलं तवा मी म्हणलं, या टायमाला वाईट काय लिवू नका. गळतंय, फुगलंय, वाळवी, काय नगं. घर तेरा हजार, हीर आठ हजार, कमिशनरनं लिवलं तसं. त्येनी चष्म्यावरनं बघितलं.

"तिकिटं कमी व्हायची खटपट करता आली असती, बाई."

"नगं. खरं हाय तेवढं लिवा."

मग त्येनी मला समजावलं. म्हणालं, मानसिंगरावांनी आपल्या तोंडानं घर भक्कम आन मोठं म्हणलंय, कोर्टानं ते मान्य केलंय. आता वाटप व्हताना घर त्येंना येकट्याला ठेवायचं आसलं, तर निम्मी किंमत ह्याच हिशोबानं तुला द्यावी लागंल. त्येंचीच बोली त्येंच्या गळ्यात आली. आप्पासो खूष झालं. मला तसं काय वाटलं न्हाई. दाजींना हे अजून कळलं नसंल तर तू सांगू नगंस, वकील सांगंल.

मी आप्पासोंना येक इचारलं. म्हणलं, माजघर वाटून घ्यायचं न्हाई, दोघींचं ठेवायचं, तर कसं लिवायचं?

"तसं लिहिता येत नाही. माजघराची किंमत तेरा हजारात आलीच की."

"मधी रेघ हाय. तिकडनं माझ्या भनीचा हात, हिकडनं माझा. ती धरलीया का तेरा हजारात?"

त्येनी टाक खाली ठिवला. मग म्हणालं, "ती धरलेली नाही."

"मग तिला तीनशे लावा."

ते हासलं न्हाईत. लिवलंबी न्हाई. पर घराचा नकाशा जोडलाय त्यात माजघर दावलंय, तितं त्येनी पेन्सिलीनं मधी बारीक रेघ मारली. पुसली जाईल. मारली येवढं खरं.

तारीख २१ सप्टेंबर हाय, सांगलीला, अकरा वाजता. दाजी येतील. तूबी ये. त्या दिवशी मला शपथंवर उभं करणार हायत. माझ्या नवऱ्याचं नाव मला तोंडानं घ्यावं लागंल, कृष्णात, आन ते तोंडातनं कसं निघायचं ह्याचीच मला जास्त काळजी हाय. तुझ्या घराविरुद्ध बोलीन. जे खरं ते सगळं बोलीन. माझ्याकडं बघू नगंस, मला बोलता यायचं न्हाई.

साक्षीला पोर कडंवर घिऊन उभं ऱ्हाऊ देत न्हाईत. दिलशादभाभीला त्या दिवशी खाडा परवडत न्हाई.

मनीला तू धर. पयल्यांदा रडंल, मग गप हुती. तिला खांद्याशी घे आन पाठीवर हात ठेव. डावा ठिवलास तरी चालंल.

बनी